लाइट बिलापासून देशाच्या ऊर्जा-हिशेबापर्यंत: परावलंबन कसे मोजावे

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका वाचनालयात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी ऊर्जाधोरण शिकवतो, तेव्हा पहिल्या दिवशी पुस्तक उघडायला सांगत नाही, घरून तीन कागद आणायला सांगतो. पहिला हेस्कॉमचे, म्हणजे आमच्या भागातील वीज वितरण कंपनीचे, लाइट बिल, दुसरा गॅस सिलिंडरची पावती आणि तिसरा पेट्रोल पंपावरची पावती. ‘भारत ऊर्जेच्या बाबतीत परावलंबी आहे’ हे वाक्य सर्वांना पाठ असते. परंतु कोणत्या इंधनात, किती, कोणावर आणि कोणत्या वाटेने, असे विचारले की वर्ग शांत होतो. त्या चार प्रश्नांची उत्तरे स्वतः शोधण्याची जी रीत आमच्याकडे हळूहळू बसत गेली, ती येथे मांडली आहे. तिला एक वही आणि तीन-चार संध्याकाळ पुरतात.

वहीच्या पानावर चार रकाने आखावेत: इंधन, त्याचा उगम, त्याची वाट, आणि ते थांबले तर घरात किती दिवसांत जाणवेल. हा चौथा रकाना सर्वात महत्त्वाचा आहे, कारण सरकारी अहवालांत तो सहसा नसतो आणि धोरणाचे खरे मोल मात्र त्यातूनच कळते.

पावतीचा माग

सिलिंडरपासून सुरुवात करावी, कारण त्याचा माग सर्वात सरळ आहे. देशात वापरल्या जाणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी सुमारे ६० टक्के गॅस आयात होतो. ही आयात बहुतांश आखाती देशांतून होते आणि तिचा मोठा भाग होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. म्हणजे निपाणीच्या किंवा अथणीच्या स्वयंपाकघरातील शेगडी एका अरुंद समुद्रमार्गाशी बांधलेली आहे. बेळगाव शहरात ज्यांच्या घरी नळाने गॅस येतो किंवा ज्यांची रिक्षा सीएनजीवर चालते, त्यांनी आपली नोंद वेगळी करावी. त्यांचा गॅस नैसर्गिक वायू आहे. २०१३ मध्ये सुरू झालेली दाभोळ–बंगळूर वायुवाहिनी बेळगाव जिल्ह्यातून जाते, आणि देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळजवळ निम्मा वायू द्रवरूपात जहाजाने येतो. त्यात कतारचा वाटा मोठा आहे. कतारबरोबरचा दरवर्षी ७५ लाख टनांचा दीर्घ मुदतीचा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये वाढवण्यात आला आणि नवी मुदत २०२८ पासून २० वर्षांची आहे. एकाच गल्लीतील दोन घरांत एकाकडे सिलिंडर आणि दुसऱ्याकडे नळाचा गॅस असेल, तर त्यांचे परावलंबन सारखे दिसले तरी सारखे नाही. एकाचा भाव बाजाराबरोबर महिन्यागणिक हलू शकतो, तर दुसऱ्यामागे वीस वर्षांचा करार उभा असू शकतो.

पेट्रोलची पावती वाचताना आपल्या भागात एक घोटाळा हमखास होतो. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरील कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे इंधनाचा दर वेगळा असतो, म्हणून महाराष्ट्रातील गाड्या इकडे टाकी भरायला येतात, आणि त्यावरून ‘कर्नाटकाला तेल स्वस्त मिळते’ असा समज होतो. पेट्रोल आणि डिझेल जीएसटीच्या बाहेर आहेत. दोन्ही बाजूंचे कच्चे तेल त्याच जागतिक बाजारातून येते आणि फरक पडतो तो मुख्यतः राज्याच्या विक्रीकराचा. पावतीवरील रकमेचे कर वगळून किती आणि कराचे किती असे दोन भाग करावेत. आयातीचा प्रश्न पहिल्या भागात असतो, सरकारी तिजोरीचा दुसऱ्यात.

लाइट बिल सर्वात अवघड, कारण त्यावर इंधनाचे नावच नसते. बिल कन्नडमध्ये छापलेले असते, त्यामुळे ज्यांना लिपी सवयीची नाही त्यांनी एकदा मित्राजवळ बसून प्रत्येक ओळ समजून घ्यावी; ती पुढे कायम उपयोगी पडते. जुलै २०२३ पासून गृहज्योती योजनेमुळे अनेक घरांचे बिल शून्य येते, आणि १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांनाही वीज मोफत आहे. हे शून्य ग्राहकाचे आहे, विजेचे नाही. त्या युनिटसाठी कुठेतरी कोळसा जळालेला असतो किंवा धरणाचे पाणी सुटलेले असते आणि त्याची किंमत राज्य सरकार हेस्कॉमला देणे लागते. म्हणून वहीत रुपये लिहू नयेत, युनिट लिहावेत.

त्या युनिटांचा उगम शोधताना ‘माझी वीज कोणत्या केंद्रातून आली’ असा प्रश्न विचारता येत नाही. तारेत सर्वांची वीज एकत्र होते. विचारायचे ते एवढेच की राज्याच्या एकूण विजेत कशाचा किती हिस्सा आहे. आपल्याकडे कुडगीचे २,४०० मेगावॉटचे आणि रायचूरचे औष्णिक केंद्र, शरावतीची जलविद्युत, कैगाचे ८८० मेगावॉटचे अणुकेंद्र, पावगडचे सुमारे २,०५० मेगावॉटचे सौर उद्यान आणि सौंदत्तीच्या माळावरील पवनचक्क्या ही प्रमुख नावे आहेत. कर्नाटकात कोळशाची खाण नाही, त्यामुळे कुडगी आणि रायचूर यांचा कोळसा रेल्वेने परराज्यातून येतो. देश म्हणून आपण कोळशात बऱ्याच अंशी स्वयंपूर्ण असलो, तरी राज्य म्हणून कर्नाटक पूर्ण परावलंबी आहे. ‘कोणाचे परावलंबन’ हे आधी ठरवल्याशिवाय आकडा मांडू नये, असे मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो.

टक्केवारीचा छेद तपासावा

कच्च्या तेलातील आयात-अवलंबन सुमारे ८८ टक्के आहे. पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन व विश्लेषण कक्ष हा आकडा दर महिन्याला प्रसिद्ध करतो, आणि वृत्तपत्रे तो उचलतात. परंतु त्यामागची बेरीज पाहिली की दुसरीच गोष्ट दिसते. २०२३-२४ मध्ये देशाने सुमारे २३ कोटी टन कच्चे तेल आयात केले आणि देशात सुमारे २.९ कोटी टन काढले. याच वर्षी आपण सुमारे ६ कोटी टन तयार इंधन निर्यातही केले. म्हणजे आयात झालेले सगळे तेल आपण जाळत नाही. म्हणूनच अवलंबनाची टक्केवारी देशातील वापराला छेद धरून काढतात, आयातीच्या रकमेवरून नव्हे. ज्या लेखात केवळ आयातीचे अब्जावधी डॉलर दिलेले असतील आणि निर्यातीचा उल्लेख नसेल, तो लेख अर्धा समजावा.

एक गणित प्रत्येकाने हाताने करून पाहावे. एका टनात साधारण ७.३३ पिंपे तेल असते. २३ कोटी टनांची सुमारे १६९ कोटी पिंपे होतात. त्यामुळे जागतिक बाजारात पिंपामागे १ डॉलर वाढला आणि तो वर्षभर टिकला, तर देशाचे बिल सुमारे १७० कोटी डॉलरने वाढते. बातमीत ‘तेल ५ डॉलरने महागले’ असे वाचले की यापुढे हे गुणाकार आपोआप होतात.

साठ्याचेही असेच करावे. विशाखापट्टणम येथे १३.३ लाख टन, मंगळूर येथे १५ लाख टन आणि उडुपी जिल्ह्यातील पादूर येथे २५ लाख टन, अशी एकूण ५३.३ लाख टन कच्चे तेल ठेवण्याची भूमिगत क्षमता आहे. तिचा तीन-चतुर्थांश भाग कर्नाटकाच्या किनाऱ्यावर आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते. २३ कोटी टनांना ३६५ ने भागले की रोजची आयात सुमारे ६.३ लाख टन येते, आणि त्याने साठ्याला भागले की साडेआठ दिवस येतात. सरकारी कागदांत मात्र साडेनऊ दिवस असे लिहिलेले असते, कारण तो भागाकार २०१९-२० च्या वापरावर केलेला आहे. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, परंतु छेद वाढत चालला आणि साठा तेवढाच राहिला, तर दिवस कमी होतात. शिवाय ही क्षमता आहे. आत प्रत्यक्ष किती तेल आहे हा प्रश्न निराळा. तेल कंपन्यांकडचे साठे धरले तर दिवस पुष्कळ वाढतात, म्हणून तुलना करताना दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचा साठा धरावा.

कोळशात २०२३-२४ चे उत्पादन सुमारे ९९.८ कोटी टन आणि आयात सुमारे २६ कोटी टन होती. साधा भाग दिला तर पाचात एक टन परदेशी दिसतो. परंतु कोळसा हा एक पदार्थ नाही. बेळगावच्या उद्यमबागेतील किंवा मच्छेतील फौंड्रीत ज्यांचे कोणी काम करते त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही: लोखंड वितळवणाऱ्या कुपोला भट्टीला हार्ड कोक लागतो, कोणताही कोळसा चालत नाही. कोक बनवण्यासाठी लागणारा कमी राखेचा कोळसा आपल्याकडे अपुरा आहे आणि देशाच्या गरजेचा बहुतांश भाग आयात होतो. त्यात ऑस्ट्रेलियाचा वाटा मोठा आहे. वीजनिर्मितीचा कोळसा मात्र मुख्यतः देशीच आहे. या दोहोंची सरासरी काढली की दोन्हीकडचे सत्य हरवते.

विजेत आणखी एक सापळा आहे. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू आणि तेल यांच्या पलीकडच्या स्रोतांची झाली. ही मोठी मजल आहे आणि तिचा मला मनापासून आनंद आहे. परंतु क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. १ मेगावॉट सौर संच वर्षभरात सरासरी २० टक्के क्षमतेने चालला तर १७ ते १८ लाख युनिट देतो, आणि १ मेगावॉट कोळशाचा संच ६५ टक्क्यांनी चालला तर सुमारे ५७ लाख. म्हणून क्षमता निम्मी असूनही निर्मितीत कोळशाचा वाटा सुमारे ७० टक्के आहे. बातमीत मेगावॉट आहे की युनिट, हे पाहिल्याशिवाय पुढे वाचू नये.

इंधन आणि यंत्र हे वेगवेगळे परावलंबन

सौर पट्ट्यांच्या सेल आणि वेफरसाठी, तसेच बॅटरीच्या लिथियमसाठी आपण परदेशावर, विशेषतः चीनवर, मोठ्या प्रमाणात अवलंबून आहोत. हे ऐकले की ‘मग आखात गेले आणि चीन आला, फरक काय?’ असा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर चौथ्या रकान्यात सापडते. तेलाचे जहाज थांबले तर काही आठवड्यांत पंप कोरडे पडतात. पट्ट्यांची जहाजे थांबली तर नवीन बसवणे थांबते. आधी छपरावर बसवलेली पट्टी तिच्या २५ वर्षांच्या आयुष्यात वीज देतच राहते. पहिल्यात विकणाऱ्या देशाला आपला रोजचा व्यवहार अडवता येतो, दुसऱ्यात आपली वाढ. दोन्ही गंभीर आहेत, परंतु दोहोंना एकच शब्द वापरणे चुकीचे आहे. एप्रिल २०२२ पासून आयात पट्ट्यांवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लावले गेले, ते या दुसऱ्या परावलंबनाला उत्तर म्हणून, आणि त्याने पट्ट्या काही काळ महागल्या, हेही वहीत लिहावे.

उसाच्या इथेनॉलविषयी आपल्या भागात फार अभिमानाने बोलले जाते. चिकोडीपासून अथणीपर्यंत गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग असते, आणि आपल्या शेतातून देशाचे पेट्रोल निघते ही भावना खोटी नाही. २०२२ च्या जूनमध्ये १० टक्के मिश्रण साधले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले गेले. तरीही हिशेब पूर्ण करावा. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असते. म्हणून २० टक्के आकारमानाचे मिश्रण ऊर्जेच्या मापाने सुमारे १४ टक्केच भरते. देशाच्या एकूण पेट्रोलियम वापरात पेट्रोल साधारण एक-षष्ठांश आहे, तेव्हा एकूण तेलाच्या मापाने बचत दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास येते. यात मक्याचे आणि तांदळाचे इथेनॉलही आले. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले होते, आणि त्या हंगामात कारखान्यांची आखणी विस्कटली. माझे मत असे आहे की इथेनॉलचे समर्थन ऊसबिल वेळेवर मिळण्याच्या आणि परकीय चलन गावात राहण्याच्या कारणाने करावे, तेलापासून मुक्तीच्या नावाने करू नये. ज्या तालुक्यांत उन्हाळ्यात कृष्णेच्या पात्रात कोयना-वारणेतून पाणी सोडण्याची मागणी करावी लागते, तेथे उसाचे पाणीही ऊर्जेच्या खर्चात धरले पाहिजे.

शेजाऱ्यांच्या बाजाराशी जोडणी कशी तपासावी

नेपाळ, भूतान आणि बांगलादेश यांच्याशी होणाऱ्या वीजव्यवहाराचा अभ्यास काठमांडूपासून सुरू करू नये, सोलापूरपासून करावा. ३१ डिसेंबर २०१३ पूर्वी दक्षिणेचे ग्रीड उर्वरित देशापासून वेगळ्या लयीत चालत असे. बेळगाव दक्षिण विभागात आणि साधारण ११० किलोमीटरवरचे कोल्हापूर पश्चिम विभागात होते. दोघांमध्ये वीज जाऊ शकत होती, पण मोजक्याच मार्गांनी आणि मर्यादेत. वीज बाजार २००८ पासून सुरू होता, तरी वाहिनीची क्षमता संपली की त्याचे तुकडे पडत आणि दक्षिणेतील दर उर्वरित देशापेक्षा वर जात. भाषा, नातीगोती, बाजारहाट सगळे एक असलेल्या दोन गावांत विजेची घाऊक किंमत वेगळी होती. कारण एकच, मध्ये पुरेशी तार नव्हती. त्या दिवशी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि देशाचे एकच समकालिक, म्हणजे एकाच लयीत चालणारे, ग्रीड झाले. पुढे धारवाडजवळच्या नरेंद्रपासून कोल्हापूरपर्यंतची वाहिनी आणि इतर मार्ग आले आणि दरांतील ती दरी बुजत गेली.

या घटनेतून तपासणीचे निकष मिळतात. पहिले, तार किती वजन पेलते. करारातील मेगावॉट नव्हे, वाहिनीची क्षमता. भारत आणि नेपाळ यांनी जानेवारी २०२४ मध्ये १० वर्षांत १०,००० मेगावॉटपर्यंत वीज घेण्याचा करार केला. हा आकडा वाचताच नेपाळला बिहारशी जोडणारी ढल्केबर–मुझफ्फरपूर आणि तिच्यासारख्या दुसऱ्या वाहिन्यांवरून आज किती वीज जाऊ शकते हे शोधावे. दोहोंतील अंतर म्हणजे अजून उभारायचे मनोरे.

दुसरे, वीज कोणत्या ऋतूत कोणत्या दिशेने वाहते. नेपाळ आणि भूतान पावसाळ्यात विकतात आणि हिवाळ्यात नद्या आटल्या की विकत घेतात. भूतानची चुखा ३३६, ताला १,०२० आणि मांगदेछू ७२० मेगावॉटची केंद्रे प्रामुख्याने भारताच्या मदतीने उभी राहिली, तरी थंडीत भूतानला भारतातून वीज लागते. म्हणून ‘भारत आयात करतो की निर्यात’ याला वर्षाचे एक उत्तर देऊ नये, महिन्याचे द्यावे. आपल्या राज्यानेही २०२३ च्या दुष्काळात, धरणे रिकामी असताना, उत्तर प्रदेशाकडून वीज उसनी घेण्याचा मार्ग काढला होता. देवघेवीचे तत्त्व तेच आहे.

तिसरे, नियम कोणाचे चालतात. नेपाळला २०२१ पासून भारताच्या वीज बाजारात बोली लावता येते, परंतु ज्या प्रकल्पांत चिनी भागीदारी आहे त्यांची वीज भारत घेत नाही. नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांतून बांगलादेशाला देण्याचा त्रिपक्षीय करार ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. ४० मेगावॉट म्हणजे कुडगीच्या एका संचाचा विसावा भाग. पण तीन देशांच्या नियमांतून ती वीज वाहू शकली, यासाठी या कराराला वहीत स्वतंत्र पान द्यावे.

चौथे, पैसे थकले तर काय होते. बहरामपूर–भेरामारा जोडणीवरून २०१३ पासून बांगलादेशाला वीज जाते आणि झारखंडच्या गोड्डा केंद्रातूनही जाते. २०२४ च्या अखेरीस थकबाकीमुळे गोड्डाचा पुरवठा घटवण्यात आला. येथे विकणारा भारत होता, म्हणजे परावलंबनाची चर्चा आपण ज्या भीतीने करतो ती भीती शेजाऱ्याने आपल्याबद्दल अनुभवली. या उदाहरणाचा अभ्यास दोन्ही बाजूंनी करावा, कारण ज्याला विश्वासू विक्रेता होता येत नाही त्याला शेजारी दीर्घ करार देत नाहीत.

जोडणीमुळे संकटही पसरते, हे लपवू नये. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर व पूर्व भारत अंधारात गेला, तेव्हा वेगळे असल्यामुळे दक्षिणेचे ग्रीड वाचले. एक वर्ष आणि पाच महिन्यांनी तेच ग्रीड आपण जोडून घेतले. तो निर्णय योग्य होता असे मला वाटते, कारण टंचाई रोजची असते आणि असा अंधार क्वचितचा. परंतु जोडणीबरोबर भार-शिस्त (ठरल्यापेक्षा जास्त वीज न ओढणे) आणि संरक्षक यंत्रणा यांवर खर्च करावा लागतो, आणि शेजारी देशांशी जोडताना हा खर्च कोण उचलणार हे करारात पाहावे.

आता वहीचे शेवटचे पान. देशाचे ग्रीड चालवणाऱ्या ग्रीड इंडियाच्या दैनिक अहवालात भूतान, नेपाळ आणि बांगलादेश यांच्याशी झालेल्या देवघेवीचा तक्ता असतो. जानेवारीतील एक आठवडा आणि ऑगस्टमधील एक आठवडा निवडून रोजचे आकडे चिन्हांसह उतरवून घ्यावेत आणि त्यांच्या शेजारी आपल्या घरच्या त्याच महिन्यांतील युनिट लिहावेत. आमच्या वाचनालयातील एका विद्यार्थिनीने मागच्या वर्षी हे केले, तेव्हा भूतानच्या रकान्यातील चिन्ह जानेवारीत उलटलेले पाहून तिला छापण्याची चूक वाटली. तिने तीन दिवसांचे अहवाल पुन्हा काढले, आणि चिन्ह तिन्ही दिवशी तेच होते.